खोक्यावरचे दिवस आणि मनगटावरचे दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठवड्यातून सहा दिवस पाऊण तास चालणं, रात्री झोपेची नोंद आणि दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपची वर्दळ, एवढा वापर आहे. निवड करायची आहे सॅमसंग गॅलॅक्सी फिट३ आणि फिटबिट चार्ज ६ हे फिटनेस बँड, आणि गार्मिन फोररनर २५५ किंवा २६५ व ४४ मिमीचं सॅमसंग गॅलॅक्सी वॉच६ ही घड्याळं यांतून. कंपन्या अनुक्रमे १३ दिवस, ७ दिवस, १४ आणि १३ दिवस व ४० तास सांगतात. रोजच्या वापरात कोणाची बॅटरी खरंच किती टिकेल आणि घेतल्यावर ते पडताळायचं कसं?

सगळ्यात आधी 'दिवस' हे माप बाजूला ठेवा. कंपनीचा दिवसांचा आकडा सहसा खोटा नसतो, पण तो त्या कंपनीने ठरवलेल्या दिनक्रमाचा असतो. नाडी किती मिनिटांनी मोजली, मनगट उचलल्यावर स्क्रीन किती वेळा उजळली, संदेश किती आले, जीपीएस किती वेळ चालू होतं, हे सगळं प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने गृहीत धरते आणि बारीक अक्षरांत लिहिते. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून '१३ म्हणजे ७ च्या जवळजवळ दुप्पट' असं म्हणणं म्हणजे एकाने शहरात आणि दुसऱ्याने महामार्गावर काढलेलं गाडीचं मायलेज ताडून पाहण्यासारखं आहे. तुलना करायची तर दोन आकडे हवेत: नुसतं मनगटावर असताना दिवसाला किती टक्के बॅटरी उतरते, आणि जीपीएस चालू असताना तासाला किती टक्के. पहिल्याला स्थिर खर्च म्हणू, दुसऱ्याला जीपीएसचा दर. या दोन आकड्यांवरून आपल्या दिनक्रमाचा हिशोब कोणालाही कागदावर मांडता येतो.

हाच हिशोब आधी चारही उपकरणांना लावू. फिट३चे १३ दिवस म्हणजे दिवसाला ७.७ टक्के. त्यात स्वतःचं जीपीएस नाही. चालण्याचा नकाशा फोनच्या जीपीएसवरून येतो, म्हणून तो खर्च फोनच्या बॅटरीत पडतो. चार्ज ६ची स्थिती वेगळी आहे. ७ दिवस म्हणजे दिवसाला १४.३ टक्के, आणि सलग जीपीएसवर ती साधारण ५ तास चालते, म्हणजे तासाला तब्बल २० टक्के. पाऊण तासाच्या चालण्याला १५ टक्के गेले. आठवड्यात सहा दिवस म्हणजे सरासरी दिवसाला १२.९ टक्के. स्थिर खर्च मिळवला की २७ टक्क्यांच्या वर जातो आणि ७ दिवसांचे पावणेचार दिवस उरतात. इथे बिघाड काहीच नाही, नुसती बेरीज आहे. चार्ज ६मध्ये फोनचं जीपीएस वापरण्याची सोय आहे. फोन खिशात असतोच, तर ती निवडली की जवळजवळ सगळे दिवस परत मिळतात.

फोररनर २५५चा स्थिर खर्च दिवसाला ७.१ टक्के आणि फक्त जीपीएसवर तो ३० तास चालतो, म्हणजे तासाला ३.३ टक्के. तुमच्या चालण्याची सरासरी दिवसाला २.१ टक्के भर पडते, एकूण ९.३. म्हणजे जवळजवळ ११ दिवस. २६५ची स्क्रीन अ‍ॅमोलेड, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारी, आहे. १३ दिवस आणि जीपीएसवर २० तास. दिवसाला ७.७ अधिक ३.२, एकूण १०.९, म्हणजे नऊ दिवसांपेक्षा थोडं जास्त. दोन्ही घड्याळांत सर्व उपग्रह प्रणाली आणि दुहेरी वारंवारता (जागा अचूक कळावी म्हणून दोन संकेत एकदम वाचणं) चालू केली तर जीपीएसचे तास २५५मध्ये १६ आणि २६५मध्ये १४ होतात. मग तुमच्या दिनक्रमात २५५ सुमारे ९ दिवस आणि २६५ सुमारे ८ दिवस. खोक्यावर १४ विरुद्ध १३ आणि ३० विरुद्ध २० असा दिसणारा फरक रोज पाऊण तास चालणाऱ्यासाठी एक-दोन दिवसांचा आहे. दिवसभराच्या ट्रेकला किंवा अल्ट्राला, म्हणजे मॅरेथॉनहून लांबच्या शर्यतीला, जाणाऱ्यासाठी मात्र तोच फरक निर्णायक ठरतो.

गॅलॅक्सी वॉच६चे ४० तास म्हणजे दिवसाला ६० टक्के. इथे चालण्याचा हिशोब मांडण्यात फारसा अर्थ नाही, कारण जीपीएस वापरा वा न वापरा, रोज चार्ज करावंच लागणार. अशा घड्याळाच्या बाबतीत 'किती दिवस टिकेल' यापेक्षा 'झोपताना किती टक्के उरलेले असतील' हा प्रश्न कामाचा. रात्रीच्या आठ तासांना सरासरीने २० टक्के धरा. झोपताना ३० टक्क्यांच्या खाली असेल तर सकाळी चालायला निघताना घड्याळ बंद पडण्याची शक्यता आहे.

ही सगळी गणितं कंपनीच्या आकड्यांवर उभी आहेत आणि त्यात व्हॉट्सअ‍ॅपची वर्दळ अजून धरलेली नाही. ती धरण्याआधी बॅटरी नेमकी कुठे जाते ते समजून घ्यायला हवं, कारण एकदा ते कळलं की सेटिंग बदलताना अंदाजाने काहीही बंद करत बसावं लागत नाही.

शाओमीच्या बँडची वंशावळ यासाठी फार उपयोगी आहे. २०१४च्या पहिल्या मी बँडमध्ये ४१ एमएएचची (मिलिअँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचं माप) बॅटरी होती आणि दावा ३० दिवसांचा. स्क्रीन नव्हती, नाडी मोजायची सोय नव्हती. तीन छोटे दिवे आणि हालचाल टिपणारा सेन्सर, एवढंच. दिवसाचा खर्च १.४ एमएएच. २०१६च्या मी बँड २मध्ये छोटी स्क्रीन आणि नाडीचा सेन्सर आला: ७० एमएएच, २० दिवस, रोज ३.५ एमएएच. २०२१च्या बँड ६मध्ये पूर्ण रंगीत अ‍ॅमोलेड: १२५ एमएएच, १४ दिवस, रोज ८.९. बँड ७मध्ये १८० एमएएच आणि १५ दिवस, म्हणजे रोज १२. आणि २०२४च्या स्मार्ट बँड ९मध्ये २३३ एमएएच व २१ दिवस, रोज ११.१. दहा वर्षांत बॅटरी साडेपाच पटींहून अधिक मोठी झाली, तरी दिवस ३०वरून २१वर आले, कारण रोजचा खर्च आठपट वाढला. पावलं मोजणं जवळजवळ फुकट आहे. खर्च वाढवला तो स्क्रीनने आणि प्रकाश टाकून मोजणाऱ्या सेन्सरने.

म्हणून पावलं मोजणं बंद करून काही वाचवायचा प्रयत्न करू नका. ब्लूटूथचंही तसंच. आजचं कमी ऊर्जेचं ब्लूटूथ नुसतं जोडलेलं राहण्यासाठी अगदी किरकोळ प्रवाह घेतं. ते महाग पडतं ते जोडणी वारंवार तुटते तेव्हा, त्याबद्दल पुढे.

स्क्रीनमध्ये सगळ्यात मोठा खर्च ऑल्वेज-ऑन डिस्प्लेचा, म्हणजे स्क्रीन सतत उजळलेली ठेवण्याचा. स्मार्ट बँड ८साठी कंपनी १६ दिवस सांगते आणि स्क्रीन सतत चालू ठेवल्यास ६. बँड ९साठी २१ आणि ९. एमएएचमध्ये मांडलं तर त्या एका सोयीसाठी बँड ८ रोज सुमारे २० एमएएच आणि बँड ९ सुमारे १५ एमएएच जास्त खातो. म्हणजे बाकी सगळ्या कामांना मिळून जेवढं लागतं, त्याहून जास्त एकट्या या सोयीला. फिट३ची बॅटरी २०८ एमएएचची आहे आणि स्क्रीनही साधारण त्याच आकाराची. तिथे हाच १५ ते २० एमएएचचा अंदाज लावला तर १३ दिवसांचे सहाच्या आसपास होतात. उलट गॅलॅक्सी वॉच६मध्ये कंपनी ४० तासांचे ३० तास सांगते, म्हणजे पाव भागच घट. खरं तर तिथे ही सोय रोज ८५ एमएएचच्या आसपास घेते, पण त्या घड्याळाचा मुळातला खर्चच एवढा मोठा आहे की टक्क्यांत ती कमी वाटते. बँडवर ऑल्वेज-ऑन ठेवणं हा बँड घेण्याचा मुख्य फायदाच घालवणं आहे. मोठ्या घड्याळावर ठेवलं तर फारसं बिघडत नाही, कारण चार्जिंग रोजचंच.

फोररनर २५५सारख्या घड्याळांत सूर्यप्रकाश परावर्तित करणारी, चित्र धरून ठेवायला नगण्य वीज लागणारी स्क्रीन असते. ती सतत दिसत राहते आणि भर उन्हात जास्त स्पष्ट दिसते. घरात थोडी फिकी वाटते, पण जास्त वेळ बाहेर असणाऱ्या माणसाला माझा कल तिच्याकडे सांगेन. अ‍ॅमोलेडमध्ये काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. म्हणून पूर्ण पांढऱ्या किंवा फोटोच्या पार्श्वभूमीपेक्षा काळ्या पार्श्वभूमीवर मोजके आकडे असलेला चेहरा (वॉच फेस) निवडा. सेकंदाचा काटा सरकणारे आणि हलती चित्रं असणारे चेहरे टाळा. तिथे प्रोसेसरलाही वारंवार जागं व्हावं लागतं.

आता व्हॉट्सअ‍ॅप. समजा एका संदेशाला अर्धा सेकंद कंपन होतं आणि पाच सेकंद स्क्रीन उजळते. कंपनाच्या मोटरला ६० मिलिअँपिअर आणि स्क्रीनला १५ मिलिअँपिअर धरले तर एका संदेशाला सुमारे ०.०३ एमएएच लागतात. एका संदेशाचं हे काहीच नाही. पण सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप, नातेवाइकांचे दोन ग्रुप मिळून दिवसाला २०० संदेश मनगटावर आले तर ५.८ एमएएच जातात. फिट३चा रोजचा खर्च १६ एमएएचच्या आसपास आहे, त्यात ही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भर. कंपनीच्या आकड्यात काही संदेश आधीच धरलेले असतात, तरी दिवसाचा खर्च दहा टक्क्यांच्या आसपास जाईल हे गृहीत धरा. त्यात झोपेची नोंद आणि सतत नाडी धरली तर फिट३ तुमच्या हातावर आठ-नऊ दिवस टिकेल, १३ नाही. ग्रुप फोनवर म्यूट केले की बहुतेक वेळा ते मनगटावरही येत नाहीत. फक्त फोन कॉल, बँकेचे एसएमएस आणि दोन-तीन माणसांचे संदेश एवढंच मनगटावर येऊ द्या. दिवसांतली सगळ्यात सोपी वाढ इथे मिळते.

मनगट उचलल्यावर स्क्रीन उजळण्याची सोय आपल्याकडच्या प्रवासात जास्त खाते. दुचाकीवर खड्ड्यांतून जाताना, लोकलमध्ये कडी धरून उभं असताना हात वर असतो आणि हलत असतो. स्क्रीन शेकडो वेळा उगाच उजळते. बहुतेक बँडमध्ये ही सोय वेळ ठरवून चालू-बंद करता येते किंवा तिची संवेदनशीलता कमी करता येते. रात्री झोपेचा मोड चालू ठेवा. त्यात ती आपोआप बंद होते आणि कूस बदलताना खोलीत उजेडही पडत नाही.

नाडीच्या सेन्सरमधला हिरवा दिवा दर किती वेळाने लागतो यावर खर्च ठरतो. सॅमसंगमध्ये सतत, स्थिर असताना दर दहा मिनिटांनी, किंवा फक्त सांगितल्यावर असे तीन पर्याय आहेत. निव्वळ चालणाऱ्या माणसाला दहा मिनिटांचा पर्याय पुरेसा आहे. व्यायामाची नोंद सुरू केली की सेन्सर तसाही सतत मोजतो. रक्तातल्या ऑक्सिजनसाठी लाल आणि अवरक्त दिवे लागतात, आणि ते रात्रभर चालू ठेवले तर खर्च ठळकपणे वाढतो. गार्मिन जे दिवस सांगते ते ही सोय दिवसभर चालू न ठेवता. डॉक्टरांनी काही कारणाने सांगितलं नसेल तर ती बंद ठेवा, किंवा आठवड्यातली एखादी रात्र चालू करा. आणि पट्टा सैल ठेवू नका. सैल पट्ट्यात बाहेरचा प्रकाश शिरतो, परतणारा संकेत क्षीण होतो, आणि सेन्सर दिव्याची तीव्रता वाढवून भरपाई करतो. आकडेही चुकतात आणि बॅटरीही उतरते. मनगटाच्या हाडापासून एक बोटभर वर, करंगळी अडकून सरकेल एवढा घट्ट, हे योग्य.

मनगटावरून फोनवर बोलता येणारी घड्याळं आपल्या बाजारात खूप खपतात, म्हणून एक वाक्य त्यांच्याबद्दल. खोक्यावर ठळक अक्षरांत सात दिवस असले तर खाली ब्लूटूथ कॉलिंगसह दोन दिवस असा मजकूर बहुधा सापडतो. दिवसातून अर्धा तासही बोलणार असाल तर तुमच्यासाठी खरा आकडा तो दुसरा. सिम असलेलं घड्याळ फोनपासून दूर, स्वतःच्या नेटवर्कवर चालवलं तर त्याहूनही लवकर उतरतं, विशेषतः रेंज कमी असलेल्या भागात, कारण टॉवर शोधायला त्याला पूर्ण ताकदीने प्रसारण करावं लागतं.

आता पडताळणी. दुकानाची किंवा संकेतस्थळाची परतीची मुदत बहुधा सात ते दहा दिवसांची असते, त्यामुळे चाचणी त्यात बसली पाहिजे. उपकरण आल्यावर आधी फर्मवेअर (उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा आणि एकदा पूर्ण चार्ज करून एक-दीड दिवस नुसतं वापरा. हे दिवस मोजायचे नाहीत. या काळात माणूस दर पाच मिनिटांनी स्क्रीन चाळवतो, चेहरे बदलतो, उपकरण फोनवर सगळं पहिल्यांदा पाठवत असतं. मग पुन्हा १०० टक्के करा, आणि १०० दिसल्यावर आणखी वीस मिनिटं चार्जरवर राहू द्या. शेवटचे टक्के भरताना प्रवाह हळूहळू कमी होत जातो आणि आकडा आधीच १०० दाखवून मोकळा होतो.

नोंद रोज दोनदा, ठरल्या वेळी करा: सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना. तारीख, वेळ, टक्के, त्या दिवशी जीपीएस किती मिनिटं, कॉल किती मिनिटं, संदेश किती. अँड्रॉइड फोनच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये कोणत्या अ‍ॅपचे किती संदेश आले ते दिसतं. हिशोब ९० ते २० टक्क्यांच्या मधल्या भागावरच करा. उपकरण टक्के ठरवतं ते मुख्यतः बॅटरीच्या व्होल्टेजवरून, आणि लिथियम सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात खूप सावकाश बदलतं, टोकांना वेगाने. म्हणून पहिले आणि शेवटचे दहा टक्के फसवे असतात. '९०वरून ६२वर यायला साडेतीन दिवस लागले' म्हणजे दिवसाला ८ टक्के. हा आकडा भरवशाचा.

पहिले दोन दिवस सगळ्या जादा सोयी बंद ठेवून स्थिर खर्च काढा. पुढे एकेक सोय चालू करा आणि निदान दीड-दोन दिवस तिला द्या. एकाच वेळी दोन बदल केले तर चाचणी वाया गेली. सात दिवसांत सगळ्या सोयी तपासून होणार नाहीत. ज्या दोन खरोखर वापरणार आहात त्यांचीच करा. जीपीएसचा दर मात्र एका बैठकीत मिळतो: मोकळ्या मैदानात एक तास नोंद चालू ठेवा आणि आधी-नंतरचे टक्के पाहा. चार्ज ६ सारख्या उपकरणात २०च्या आसपास घट दिसावी, फोररनर २६५मध्ये ५च्या. यापेक्षा दीडपट जास्त दिसली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहा, आणि तरीही तीच असेल तर परत करा.

दोन उपकरणं समोरासमोर ताडून पाहायची असतील तर दोन्ही एकाच माणसाने, एकाच आठवड्यात, दोन मनगटांवर घालावीत आणि एकाच फोनचे सारखेच संदेश दोन्हीकडे यावेत. नवऱ्याच्या हातातलं घड्याळ आणि बायकोच्या हातातला बँड यांची तुलना होत नाही, कारण दोघांचे संदेश, चालणं आणि हाताच्या हालचाली वेगळ्या.

चांगलं चाललेलं उपकरण अचानक लवकर उतरू लागलं तर शोध कसा घ्यायचा? आधी पाहा की काल कुठली व्यायामाची नोंद चालू राहून गेली का. आपोआप ओळखलेलं चालणं बंद झालं नाही किंवा थांबवायचं बटण नीट दाबलं गेलं नाही, की जीपीएस आणि नाडी तासन्‌तास चालू राहतात. ते नसेल तर एकदा रीस्टार्ट करा. नवीन फर्मवेअरनंतर एक-दोन दिवस जास्त खर्च दिसला तर थांबा, त्यापुढेही राहिला तर चेहरा बदलून मूळचा लावा.

मग रात्रीची जोडचाचणी करा. एका रात्री ब्लूटूथ जोडलेलं, दुसऱ्या रात्री फोनचं ब्लूटूथ बंद करून उपकरणावर विमान मोड. फिट३सारख्या बँडचा आठ तासांचा हिशेबी खर्च अडीच टक्के आहे. जोडलेल्या रात्री ७-८ टक्के गेले आणि सुट्या रात्री २-३, तर दोष जोडणीचा. याचं सगळ्यात सामान्य कारण फोनमध्ये असतं. कित्येक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप मारून टाकतात. बँड पुन्हा पुन्हा जोडणी मागत राहतो आणि प्रत्येक वेळी साठलेली माहिती नव्याने पाठवतो. फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला बॅटरीवरचं बंधन काढून टाका, ऑटोस्टार्टची परवानगी द्या आणि अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीत त्याला कुलूप लावा. दोन्ही रात्री सारखेच ७-८ टक्के गेले तर दोष सेन्सरच्या सेटिंगचा किंवा खुद्द बॅटरीचा. ऑक्सिजन आणि तणावाची नोंद बंद करून तिसरी रात्र पाहा. तरीही फरक नसेल तर बॅटरी.

चार्जिंगच्याच गडबडीमुळे 'बॅटरी टिकत नाही' असं वाटतं, हेही वारंवार होतं. बँड फार कमी प्रवाह घेतो. पॉवर बँकेला वाटतं की काहीच जोडलेलं नाही, आणि ती थोड्या वेळाने स्वतःच बंद होते. सकाळी बँड ४० टक्क्यांवरच असतो. काही पॉवर बँकांत बटण दोनदा दाबून कमी प्रवाहाचा मोड चालू होतो, तो वापरा, नाहीतर साधा ५ व्होल्टचा अडॅप्टर. फोनचा ६७ किंवा ८० वॉटचा अडॅप्टर लावल्याने बँड जळत नाही. वेगळी मागणी आल्याशिवाय तो ५ व्होल्टच देतो. मागच्या धातूच्या टाचण्यांवर घाम आणि साबणाचा थर बसला की चार्जिंग मध्येच तुटतं. कापसाच्या बोळ्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या मनगटावरून काढून लगेच चार्जरवर ठेवणं सगळ्यात वाईट: पाणी आणि मीठ असताना वीज वाहिली की टाचण्यांचा मुलामा झिजतो आणि नंतर गंज.

दीर्घ मुदतीत बॅटरीचं काय होतं हेही तुलनेचाच भाग आहे, आणि याकडे सर्वात कमी लक्ष दिलं जातं. आठ दिवसांनी चार्ज होणाऱ्या बँडची वर्षाला पूर्ण चार्जची ४५ चक्रं होतात. रोज ६० टक्के खाणाऱ्या घड्याळाची सुमारे २२०. छोट्या लिथियम सेलची क्षमता ३०० ते ५०० पूर्ण चक्रांनंतर ८० टक्क्यांच्या आसपास येते असं धरलं जातं; काही कंपन्या यापेक्षा चांगले सेल वापरतात, अ‍ॅपल आपल्या घड्याळासाठी १००० चक्रांचा आकडा देते. ४० तासांचं घड्याळ दोन वर्षांनी ३२ तासांवर आलं की रात्र आणि दुसरी सकाळ दोन्ही त्यात बसवणं कठीण होतं. बँडचे आठ दिवस साडेसहा झाले तर कोणाला पत्ताही लागत नाही. फक्त चालणं आणि झोप पाहायची असेल तर मी फिट३ किंवा फोररनरकडे झुकतो ते मुख्यतः यामुळे. घड्याळच घ्यायचं असेल तर ते पूर्ण उतरू देऊन मग पूर्ण भरण्यापेक्षा सकाळी अंघोळीच्या वेळी आणि संध्याकाळी जेवताना असे दोन छोटे डोस द्या. ३० ते ८० टक्क्यांच्या मध्ये राहणारा सेल जास्त जगतो.

उष्णता चक्रांइतकीच मारक आहे. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला बँड बाहेरच्या ४५ अंशांहून खूप वर तापतो. लिथियम सेल ४५ अंशांपुढे चार्ज करू नये. उन्हातून आल्याआल्या चार्जरवर ठेवू नका, पंख्याखाली थंड होऊ द्या. थंडीत उलटं घडतं: क्षमता जात नाही, पण सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि २० टक्के दाखवणारं घड्याळ एकदम बंद पडतं. लेहच्या वाटेवर किंवा टोरांटोच्या जानेवारीत धावताना ते बाहीच्या आत ठेवा. मनगटाची ऊब त्याला पुरते.

जीपीएसवर मोठा दिवस असेल, मुंबई मॅरेथॉन असो की हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, तर खोक्यावरच्या जीपीएसच्या तासांतले ८० टक्केच आपले समजा. पाच तासांचं उपकरण घेऊन साडेपाच तासांत पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्याची नोंद शेवटच्या टप्प्यात तुटणारच. निघण्याआधी घरीच फोनशी सिंक करा. उपग्रहांच्या स्थितीची माहिती फोनवरून आधीच मिळाली की घड्याळाला ती आकाशातून गोळा करावी लागत नाही. एरवी एका उपग्रहाची कक्षा पूर्ण वाचायला मोकळ्या आकाशाखालीही ३० सेकंद लागतात, आणि दरीत किंवा उंच इमारतींच्या मध्ये तेच मिनिटांवर जातं. घड्याळातून संगीत ऐकणार असाल तर जीपीएसचे तास बरेच कमी होतात. गाणी फोनवरून वाजवा.

खरेदी करताना खोक्यावरचा निर्मितीचा महिना आणि वर्ष पाहा, भारतात तो छापणं बंधनकारक आहे. सवलतीत मिळणारं दोन वर्षांपूर्वीचं उपकरण कपाटात पडून पडूनही थोडं म्हातारं झालेलं असतं. घरातला जुना बँड ठेवून द्यायचा असेल तर ५० टक्के भरून, बंद करून, थंड जागी ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. पूर्ण उतरलेला सेल महिनोन्‌महिने राहिला की बॅटरीतलं संरक्षक मंडल (सर्किट) त्याला कायमचं तोडतं.

स्क्रीन एका बाजूने उचलली गेलेली दिसली, पाठ फुगली किंवा चार्जिंगला चटका बसण्याइतकं तापलं, तर त्या क्षणी मनगटावरून काढा आणि पुन्हा चार्ज करू नका. २०२२च्या मार्चमध्ये फिटबिटने आपलं आयोनिक घड्याळ बॅटरी तापून भाजण्याच्या धोक्यामुळे परत मागवलं होतं. फुगलेला सेल दाबून बसवायचा किंवा टोचायचा नाही. धातूच्या डब्यात वाळू घालून त्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर किंवा कंपनीच्या सेवा केंद्रावर द्या; ओल्या-सुक्या कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, तिथे तो दाबला जातो आणि पेटतो.

चाचणीच्या पहिल्या आठवड्यात निघालेला स्थिर खर्चाचा आणि जीपीएसच्या दराचा आकडा तारखेसह बिलाच्या पाठीवर लिहून ठेवा. वॉरंटी बहुधा एक वर्षाची असते. अकराव्या महिन्यात त्याच सेटिंगवर तीच चाचणी पुन्हा करा. दिवसाचा ८ टक्के खर्च १२वर गेला असेल तर सेवा केंद्रात दाखवायला तुमच्या हातात दोन तारखांचे आकडे असतील.